रिव्हेंडेल तीन कॉम्प्युटरवर जोडलंय, लायब्ररीत कार्ट दिसतात पण आवाज येत नाही, काही कार्टवर भलतंच वाजतं

बांधावरची_लहर

नमस्कार मंडळी. आमचं तालुक्याच्या गावी छोटं कम्युनिटी रेडिओ स्टेशन आहे, ५० वॅटचा ट्रान्समीटर, सकाळ-संध्याकाळ मिळून १० तास प्रसारण. मी मूळची कार्यक्रम करणारी, पण आधीचे तांत्रिक काम बघणारे दादा नोकरीसाठी पुण्याला गेले आणि ते सगळं आता माझ्याकडे आलंय. लिनक्स थोडंफार येतं, टर्मिनलची भीती नाही, पण नेटवर्कचं काम पहिल्यांदाच करतेय.

आमच्याकडे तीन कॉम्प्युटर आहेत. एक ऑन-एअर स्टुडिओत, उबुंटू २२.०४ वर रिव्हेंडेल ४ (गाणी-कार्यक्रम वाजवायचं रेडिओचं सॉफ्टवेअर), दोन वर्षं बिनतक्रार चाललंय. दुसरा प्रॉडक्शन रूममध्ये, तिथे एडिटिंग होतं, त्यावरही आधीपासून रिव्हेंडेल होतं पण सुटं, म्हणजे त्याची लायब्ररी वेगळी. तिसरा ऑफिसात, त्यावर दुसऱ्या दिवसाचा लॉग (काय कधी वाजणार त्याची यादी) बनवायचा असं मनात आहे. आत्तापर्यंत काय व्हायचं, तर मुलाखत एडिट झाली की पेनड्राइव्हवर घ्यायची, ऑन-एअर रूमचा लाल दिवा बंद व्हायची वाट बघायची, आत जाऊन इम्पोर्ट करायचं. रोजच्या १५-२० फायली. त्यात एकदा जुनीच मुलाखत परत गेली, ज्या बाईंची नवी मुलाखत होती त्या घरी सगळ्यांना रेडिओभोवती बसवून ऐकत होत्या, मला फार वाईट वाटलं त्या दिवशी. तेव्हाच ठरवलं की हे पेनड्राइव्ह बंद करायचं.

तर मागच्या आठवड्यात, म्हणजे गेल्या सोमवारी, मी तिन्ही कॉम्प्युटर एका स्विचला जोडले. ऑन-एअरच्या मारियाडीबी डेटाबेसमध्ये बाइंड अ‍ॅड्रेस बदलला, युजरला बाहेरून यायची परवानगी दिली, आणि प्रॉडक्शनच्या आरडी.कॉन्फ फाइलमध्ये मायएसक्यूएलच्या भागात होस्टनेम म्हणून ऑन-एअरचा आयपी टाकला. आरडीअ‍ॅडमिनमध्ये दोन्ही नवे होस्ट पण टाकले. आणि आरडीलायब्ररी उघडली तर ऑन-एअरची सगळी कार्ट (गाणं, मुलाखत अशी लायब्ररीतली एकेक नोंद) प्रॉडक्शनला दिसली, इतका आनंद झाला.

पण वाजवायला गेलं की बहुतेक कार्टना आवाजच नाही. काही कार्टना आवाज आहे पण भलताच, म्हणजे नाव हवामान अंदाजाचं आणि वाजतंय जुनं भारूड!! आणि प्रॉडक्शनवरून इम्पोर्ट केलेली नवी कार्ट ऑन-एअरला नावानिशी दिसतात, तिथे लॉगमध्ये टाकली तर वाजत नाहीत, सरळ पुढच्या आयटमवर जातं. सध्या मी परत पेनड्राइव्हवर आलेय. डेटाबेस खराब झाला का? कृपया सांगा, ऑन-एअरवर काही उलटंसुलटं करायची हिंमत होत नाहीये.

खरखर_नको

ताई डेटाबेस एकदम ठीक आहे, घाबरू नका. तुमचं अर्धं काम झालंय, अर्धं राहिलंय, आणि ते भारूड वाजलं त्यावरूनच सगळं कळतंय.

रिव्हेंडेलमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या असतात. डेटाबेसमध्ये फक्त माहिती असते, कार्टचा नंबर, नाव, कलाकार, कट (कार्टमधली रेकॉर्डिंग) किती, कुठे सुरू कुठे संपतो, लॉग, क्लॉक (तासाचा साचा), ग्रिड (आठवड्याचं वेळापत्रक) वगैरे. खरा आवाज असतो व्हार फोल्डरच्या आत एसएनडी नावाच्या फोल्डरमध्ये, साध्या वेव्ह फायली, आणि त्यांची नावं नुसती नंबरवारी असतात. कार्ट नंबर १२३ चा पहिला कट म्हणजे ०००१२३_००१.वेव्ह, बस. फाइलच्या नावात हवामान किंवा भारूड असं काही नसतं.

आता तुम्ही डेटाबेस एक केला पण प्रॉडक्शनचा एसएनडी फोल्डर त्याचा स्वतःचाच राहिला. म्हणून कार्ट १२३ वर क्लिक केलं की नाव येतं ऑन-एअरच्या डेटाबेसमधून, आणि फाइल उघडली जाते प्रॉडक्शनच्या डिस्कवरची. तिथे त्या नंबरची फाइल नसेल तर शांतता, आणि तिथल्या जुन्या सुट्या लायब्ररीत योगायोगानं १२३ नंबर भारुडाला मिळाला असेल तर भारूड. नव्या इम्पोर्टचं उलटं, माहिती गेली ऑन-एअरला, आवाज राहिला प्रॉडक्शनच्या डिस्कवर.

उपाय म्हणजे आवाजाचा फोल्डरही एकच करायचा. ऑन-एअरचा एसएनडी एनएफएसनं (नेटवर्कवरून फोल्डर वापरायची लिनक्सची सोय) शेअर करायचा आणि प्रॉडक्शनवर त्याच ठिकाणी माउंट करायचा, म्हणजे जोडायचा.

पण थांबा, लगेच माउंट करू नका! माउंट केलं की प्रॉडक्शनच्या त्या फोल्डरमधल्या फायली खाली झाकल्या जातात, पुसल्या जात नाहीत पण दिसत नाहीत, आणि त्यात तुमची मागच्या आठवड्यातली नवी रेकॉर्डिंग आहेत. आणि घाईत सगळा फोल्डर ऑन-एअरवर कॉपी तर अजिबात करू नका, कारण जुन्या भारुडाची १२३ नंबरची फाइल ऑन-एअरच्या हवामानाच्या १२३ वर जाऊन बसेल आणि मग ते खरंच गेलं. माझ्या हातून एका कॉलेजच्या स्टेशनवर हीच चूक झाली होती, ४०० च्या वर फायली एका रात्रीत बदलल्या, बॅकअप होता म्हणून वाचलो.

क्रम असा ठेवा. आधी ऑन-एअरच्या डेटाबेसचा डंप आणि एसएनडी फोल्डरची पूर्ण कॉपी एका बाहेरच्या डिस्कवर. मग प्रॉडक्शनवर बघा की तुम्ही ज्या दिवशी डेटाबेस जोडला त्या दिवसानंतर कुठल्या फायली तयार झाल्या, तारखेनुसार लावल्या की कळेल. त्यातली जी कार्ट नवीन आहेत त्यांचे नंबर सामायिक डेटाबेसनं दिलेत, म्हणजे त्याच नावाची फाइल ऑन-एअरला असणार नाही, त्या बिनधास्त कॉपी करा. पण कोणी ऑन-एअरच्या जुन्याच कार्टमध्ये प्रॉडक्शनवरून नवा आवाज टाकला असेल, रोजच्या बाजारभावाचं कार्ट असतं तसं, तर ती फाइल दोन्हीकडे असेल, ती एकेक ऐकून ठरवा.

जोडण्याच्या आधीची जी जुनी लायब्ररी प्रॉडक्शनवर आहे तिचा डेटाबेस अजून त्या मशीनवर शाबूत असणार, तुम्ही फक्त पत्ता बदललाय. आरडी.कॉन्फ परत जुनी करून तात्पुरतं तिकडे जा, हवी ती गाणी, भारुडं नावानिशी एक्सपोर्ट करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि सगळं जोडून झालं की नव्यानं इम्पोर्ट करा. नवे नंबर मिळतील, भांडण संपलं.

सगळं झाल्यावर आरडीडीबीएमजीआरला (रिव्हेंडेलचा डेटाबेस तपासायची कमांड) चेक करायला सांगा, आणि पहिल्यांदा चालवताना सगळ्या प्रश्नांना नाही हेच उत्तर जाईल असं चालवा म्हणजे तो फक्त यादी देईल, कुठल्या कटची फाइल नाही, कुठल्या फाइलला कट नाही. यादी वाचल्याशिवाय त्याला हो म्हणू नका.

दख्खन_लिनक्स

वरचं सगळं बरोबर, पण मी एक वेगळं मत देतो. ऑन-एअर मशीनलाच सर्व्हर करणं मला पटत नाही. प्रॉडक्शनवाले दिवसभर इम्पोर्ट करणार, ऑफिसातून लॉग बनणार, बॅकअप चालणार, हे सगळं त्या मशीनवर ज्यावर आत्ता या क्षणी गाणं चाललंय. एक जुना डेस्कटॉप घ्या, दोन डिस्क टाकून मिररिंग करा, त्यावर डेटाबेस आणि एसएनडी ठेवा, तिन्ही मशीन त्याचे क्लायंट. रिव्हेंडेलच्या इन्स्टॉलरमध्येच स्टँडअलोन, सर्व्हर आणि क्लायंट असे वेगळे प्रकार दिलेत, ते उगाच नाहीत. आम्ही एका शहरी स्टेशनवर सहा मशीन अशी चालवतो.

खरखर_नको

सहा मशीन असतील तर मीही तेच करीन. पण ताईंकडे तीन आहेत आणि तालुक्याचं गाव आहे. तुमच्या पद्धतीत हवेत आवाज राहायला किती गोष्टी जिवंत लागतात ते मोजा. ऑन-एअर मशीन, सर्व्हर, मधला स्विच, दोन केबल, आणि या सगळ्यांची वीज. यातलं एक गेलं की शांतता. एनएफएस हार्ड माउंट असेल आणि सर्व्हर गेला तर आरडीएअरप्ले (रिव्हेंडेलचा हवेत वाजवणारा प्रोग्रॅम) पुढची फाइल उघडायला जाऊन तिथेच अडकून बसतो, एरर पण देत नाही, आणि समोर बसलेल्या मुलीला कळत नाही काय झालं. ऑन-एअरवरच डेटाबेस आणि फायली असतील तर स्विच जळाला तरी प्रसारण चालू, फक्त प्रॉडक्शनचं काम थांबेल, ते दोन तास थांबलं तर चालतं.

आणि लोडचं म्हणाल तर ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ म्हणजे सेकंदाला दीड मेगाबिट. तासाची फाइल ७०० एमबीच्या आत. आजच्या कुठल्याही डिस्कला आणि गिगाबिट स्विचला ते काहीच नाही, एका वेळी दोन-तीन जण ऐकत असले तरी. डेटाबेसही अगदी छोटा असतो.

दख्खन_लिनक्स

विजेचा मुद्दा मान्य. मग एक अट घाला, ऑन-एअर मशीनवर दुसरं काहीही नाही, ब्राउझर नाही, एडिटिंग नाही, आपोआप होणारे अपडेट बंद. उबुंटूमध्ये आपोआप अपडेट लागतात आणि त्यात मारियाडीबी रीस्टार्ट झाला की चालू आरडीएअरप्लेची जोडणी जाते. अपडेट हातानं, प्रसारण नसताना.

आणि रोज रात्री ऑन-एअरचा डेटाबेस डंप आणि एसएनडी फोल्डर आरसिंकनं (फायली जुळवून कॉपी करायचं साधन) प्रॉडक्शनवर वेगळ्या जागी उतरवून ठेवा. आरडीसिलेक्ट नावाचं एक साधन येतं रिव्हेंडेलबरोबर, त्यात दोन-तीन कॉन्फिगरेशन फायली ठेवून एका क्लिकवर मशीन कुठल्या डेटाबेसशी आणि कुठल्या फोल्डरशी बोलणार ते बदलता येतं. म्हणजे प्रॉडक्शनवर एक नेहमीचं आणि एक आणीबाणीचं कॉन्फिगरेशन ठेवा. उतरवलेला डंप रोज सकाळी प्रॉडक्शनच्याच मारियाडीबीत चढवून ठेवायची छोटी स्क्रिप्ट लिहिली की ऑन-एअरची डिस्क मेली तर प्रॉडक्शनवरून पाच मिनिटांत प्रसारण सुरू. फक्त मिक्सरपर्यंत त्या मशीनच्या आवाजाची केबल आधीच ओढून ठेवा, ऐनवेळी केबल शोधण्यातच अर्धा तास जातो.

शिट्टी_वाजली

इतका त्रास कशाला, लिब्रेटाइम टाका ना. ब्राउझरमध्ये सगळं चालतं, कुठल्याही मशीनवरून लॉगिन करा, फाइल अपलोड करा, कॅलेंडरवर कार्यक्रम ओढून टाका. आमचा इंटरनेट रेडिओ त्यावरच आहे, क्लायंट मशीनवर काही इन्स्टॉल करायलाच लागत नाही.

बांधावरची_लहर

@शिट्टी_वाजली बघितलं होतं मी, आणि दिसायला खरंच सोपं आहे. पण आमच्याकडे निवेदिका लाइव्ह बसतात, फोन येतात, बोलता बोलता जिंगल टाकायची, पुढचं गाणं मागे ढकलायचं, मधेच ग्रामपंचायतीची सूचना घुसवायची, हे सगळं हातानं चालतं. आरडीएअरप्लेला मोठी बटणं आहेत, साउंड पॅनल आहे, पडद्यावर पुढच्या गाण्याचं किती सेकंद म्युझिक आहे ते दिसतं आणि तेवढ्यात बोलून संपवायचं हे त्या शिकल्यात. सातवी-आठवी शिकलेल्या बायका आहेत आमच्या, दोन वर्षं लावून शिकल्या, ते मला बदलायचं नाही.

@खरखर_नको आणि @दख्खन_लिनक्स तुमचे खूप आभार. ऑन-एअरच सर्व्हर ठेवते, आमचा स्विच अजून यूपीएसवर नाही आणि लाइट दिवसातून दोनदा तरी जाते. आज रात्री प्रसारण संपल्यावर करते आणि कळवते.

शिट्टी_वाजली

हो, लाइव्ह असेल तर रिव्हेंडेलच बरं, बरोबर आहे तुमचं.

बांधावरची_लहर

काल रात्री दीडपर्यंत बसले होते. बॅकअप घेतला, नव्या ६३ फायली निघाल्या, त्यातल्या ५९ सरळ कॉपी केल्या, ४ दोन्हीकडे होत्या त्या ऐकून ठरवल्या. एनएफएस माउंट केलं आणि प्रॉडक्शनवर हवामान लावलं तर हवामानच वाजलं!! भारूड गेलं!

पण आता नवीन अडचण. प्रॉडक्शनवर सगळं वाजतं, पण इम्पोर्ट करायला गेलं की होत नाही, एरर येते. मार्कर (आवाज कुठे सुरू-बंद व्हायचा त्या खुणा) बदलले तर सेव्ह होतात. फक्त नवा आवाज आत जात नाही. फोल्डरच्या परमिशन बघितल्या तर फायलींच्या मालकाच्या जागी युजरचं नाव नाही, नुसता १००० नंबर दिसतो किंवा भलत्याच युजरचं नाव दिसतं.

खरखर_नको

झालंच म्हणायचं. हा युजर आयडीचा घोळ आहे आणि एनएफएस वापरणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी भेटतो.

लिनक्स फाइलवर मालकाचं नाव लिहीत नाही, नंबर लिहितो. आणि साधा एनएफएस तो नंबर जसाच्या तसा पलीकडे मानतो. तुमच्या ऑन-एअरवर रिव्हेंडेलचा युजर पहिला बनला असेल म्हणून त्याला १००० मिळाला, आणि प्रॉडक्शनवर आधी दुसऱ्याच नावाचा युजर बनवला होता म्हणून तिथे रिव्हेंडेलवाला झाला १००१. फायली सगळ्यांना वाचता येतात म्हणून वाजतात, पण लिहायचा हक्क १००० लाच आहे म्हणून इम्पोर्ट अडतो. मार्कर सेव्ह होतात कारण ते डेटाबेसमध्ये जातात, फोल्डरमध्ये नाही.

दोन्ही मशीनवर आयडी कमांड चालवून नंबर ताडून बघा, युजरचा आणि ग्रुपचा पण. कुठला युजर बघायचा ते आरडी.कॉन्फमध्ये ऑडिओ ओनर आणि ऑडिओ ग्रुप म्हणून लिहिलेलं असतं. मग बदल प्रॉडक्शनवर करा, ऑन-एअरला हात लावू नका. प्रॉडक्शनवरचा जो १००० वाला आहे त्याला आधी दुसरा रिकामा नंबर द्या, मग रिव्हेंडेलवाल्याला १००० द्या. हे करताना त्या दोन्ही युजरनं लॉगिन केलेलं नको आणि रिव्हेंडेलची सर्व्हिस बंद हवी, नाहीतर यूजरमॉड (युजरचा नंबर बदलायची कमांड) नकार देतो. म्हणजे तिसऱ्याच अ‍ॅडमिन युजरनं किंवा रिकव्हरीतून करा. नंतर त्यांच्या होम फोल्डरबाहेर जुन्या नंबरच्या फायली राहतात त्यांची मालकी बदलायला विसरू नका.

आणि एक फार महत्त्वाचं राहिलं होतं. समजा उद्या लाइट गेली, प्रॉडक्शन आधी सुरू झालं आणि ऑन-एअर नंतर, तर माउंट होणारच नाही. मग प्रॉडक्शनचा एसएनडी म्हणजे परत त्याचा स्वतःचा रिकामा फोल्डर, आणि कोणी इम्पोर्ट केलं की पहिल्यासारखाच घोळ, तोही गुपचूप. म्हणून माउंट काढा, तो रिकामा फोल्डर चॅटर कमांडनं प्लस आय लावून कुलूपबंद करा, आणि परत माउंट करा. मग माउंट नसेल तेव्हा त्या फोल्डरमध्ये रूटलासुद्धा लिहिता येत नाही, इम्पोर्टला सरळ एरर येते आणि माणसाला कळतं. माउंट असेल तेव्हा त्या कुलपाचा काही त्रास नाही. एफएसटॅब फाइलमधल्या (बूट होताना काय माउंट करायचं ते तिच्यात असतं) ओळीत नेटदेव आणि नोफेल हे दोन्ही ऑप्शन टाका म्हणजे ऑन-एअर बंद असलं तरी प्रॉडक्शन बूट होताना अडकणार नाही. आणि पडद्याच्या कोपऱ्यात आरडीमॉनिटर चालू ठेवा, डेटाबेस आणि ऑडिओ स्टोअर जोडलेत का ते त्यात दिसतं, मुलींना एवढंच सांगा की इथे लाल दिसलं तर इम्पोर्ट करायचं नाही.

दख्खन_लिनक्स

त्याला जोडून, तिन्ही मशीनचे आयपी कायमचे ठरवून टाका. राउटरकडून आपोआप मिळणारा पत्ता लाइट गेल्यावर बदलला की आरडी.कॉन्फमधलं सगळंच चुकीचं होतं, आणि तुम्ही दोन तास डेटाबेसमध्ये बिघाड शोधत बसता. होस्टची नावंही आरडीअ‍ॅडमिनमध्ये लिहिलीत तशीच मशीनला हवीत, अक्षरन् अक्षर. आणि वायफायवर प्रॉडक्शन चालवू नका. रिव्हेंडेलच्या मशीन एकमेकांना कार्ट बदललं, लॉग बदलला असे निरोप पाठवतात, हे मल्टिकास्टनं जातात, आणि वायफाय राउटर बरेचदा ते निरोप नीट पोचवत नाहीत. मग प्रॉडक्शनवर कार्ट टाकलं तरी ऑन-एअरला ते दिसत नाही आणि माणसं म्हणतात सिस्टिम बिघडली. केबल ओढा.

पासवर्ड पण बदला. रिव्हेंडेलच्या नमुना फाइलमधला डेटाबेसचा पासवर्ड अख्ख्या जगाला माहीत आहे. डेटाबेसचं ३३०६ पोर्ट, एनएफएसचं २०४९, रिव्हेंडेलची ५००५ आणि ५००६, आणि वेब सर्व्हरचं ८०, ही फक्त या तीन मशीनसाठी उघडी ठेवा. पाहुण्यांचं वायफाय त्याच राउटरवर असेल तर ते वेगळं करा.

मध्यरात्रीची_सभा

उशिरा येतोय धाग्यावर. मी वीसेक वर्षं ब्रॉडकास्टच्या कामात आहे, दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली घड्याळाची. आकाशवाणीचं बातमीपत्र तुम्ही घेत असाल तर ते वेळेवर आणि जसंच्या तसं जायला हवं. त्यासाठी लॉगमध्ये ठरलेल्या वेळेला सुरू होणारा इव्हेंट टाकलेला असतो आणि तो ऑन-एअर मशीनच्या घड्याळावर चालतो. आरडीकॅचची (ठरल्या वेळी आपोआप होणारी) रेकॉर्डिंग ज्या मशीनवर लावलीत त्या मशीनच्या घड्याळावर. तिघांची घड्याळं तीन दिशांना असतील तर बातम्यांचे पहिले शब्द कापले जातात. ऑन-एअरवर क्रोनी टाका, तो इंटरनेटवरून वेळ घेईल, आणि बाकी दोघांना ऑन-एअरकडूनच वेळ घ्यायला सांगा. मग इंटरनेट दिवसभर नसलं तरी तिन्ही एकमेकांशी जुळून राहतात. मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी जुन्या मशीनमध्ये संपलेली असते, लाइट गेली की तारीख मागे जाते, ती एकदा बदलून टाका, अगदी किरकोळ खर्च आहे.

दुसरी, प्रसारण झालेल्या सगळ्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग ३ महिने जपून ठेवणं कम्युनिटी रेडिओच्या परवानगीतच आहे. बरीच स्टेशनं लॉगचा प्रिंटआउट ठेवतात आणि तेवढ्यावर भागेल असं समजतात. आता तुमच्याकडे नेटवर्क आहेच तर हे काम प्रॉडक्शन मशीनला द्या. रॉटर नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे, जॅकवर (लिनक्समध्ये आवाज इकडून तिकडे जोडायची सोय) चालतो, दर तासाला नवी फाइल बनवतो आणि तारखेनुसार लावून ठेवतो. मोनो ६४ केबीपीएसनं तासाला २९ एमबी, तुमचे १० तास धरले तर ९० दिवसांचे २६ जीबी, म्हणजे जुनी डिस्कही पुरते. जुन्या फायली आपोआप काढायची सोयही त्यात आहे, तिथे ९० च्या ऐवजी १०० दिवस ठेवा. मात्र आवाज मिक्सरमधून घेऊ नका, एका साध्या एफएम ट्यूनरला तुमची फ्रिक्वेन्सी लावून त्याची केबल कॉम्प्युटरला द्या. मग जे रेकॉर्ड होईल ते श्रोत्याला खरंच ऐकू आलेलं असेल, ट्रान्समीटर बंद पडला असेल तर तेही त्यात सापडेल.

कार्टवाली

मी दुसऱ्या एका कम्युनिटी रेडिओत लायब्ररी बघते. तांत्रिक नाही पण रोजच्या कामाचं सांगते ताई.

आता तीन जण एकाच लायब्ररीत हात घालणार, तर ग्रुप आधी नीट बनवा. आरडीअ‍ॅडमिनमध्ये प्रत्येक ग्रुपला कार्ट नंबरांची रेंज देता येते आणि ती सक्तीची करता येते. आमच्याकडे गाणी १००००० पासून, मुलाखती २००००० पासून, जाहिराती आणि सूचना ३००००० पासून असं आहे. नंबर बघितला की कळतं काय आहे ते. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या आणि कोणाला कुठल्या ग्रुपमध्ये हात घालता येईल ते ठरवा, नवीन आलेल्या मुलीच्या हातून जिंगल डिलीट होत नाही मग.

ड्रॉपबॉक्स लावा. म्हणजे सर्व्हरवर एक फोल्डर ठरवायचा, एडिट झालेली फाइल त्यात टाकली की रिव्हेंडेल आपोआप आत घेतं, ठरलेल्या ग्रुपमध्ये, आवाजाची पातळी सारखी करून आणि पुढची-मागची शांतता कापून. फाइलच्या नावावरून कलाकार आणि शीर्षक पण ओळखतं, नमुना एकदा सांगायचा फक्त. रोजच्या बाजारभावाला तर त्याच कार्टमध्ये जुनं काढून नवं टाकायचं असं सांगता येतं, लॉग बदलावाच लागत नाही. आमच्या प्रतिनिधी गावातून मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवतात, ते इथपर्यंत पोचायला आता दहा मिनिटं लागतात.

आणि मराठी नावांचं एक नीट समजून घ्या. देवनागरी व्यवस्थित चालते, नावं मराठीतच ठेवा, इंग्रजी स्पेलिंगमध्ये ठेवलं की एक जण एक लिहितो दुसरा दुसरं. पण टायपिंग सगळ्यांचं सारखं हवं. "ऱ्या" दोन पद्धतीनं टाइप होतो, दिसायला सारखाच, आतून वेगळा. अ‍ॅचंही तसंच. आमच्याकडे "वाऱ्यावरची वरात" म्हणून एकीनं केलेलं कार्ट दुसरीला शोधून सापडायचं नाही, ती परत नवं बनवायची, एका कार्यक्रमाची तीन-तीन कार्ट झाली होती. शेवटी तिन्ही मशीनवर एकच कीबोर्ड लावला, इन्स्क्रिप्ट, आणि शोधताना "वरात" एवढंच टाकायची सवय लावली.

बांधावरची_लहर

सगळ्यांना नमस्कार, दहा दिवसांनी लिहितेय.

युजर नंबरचंच निघालं. ऑन-एअरवर १०००, प्रॉडक्शनवर १००२ होता, आधीच्या दादांनी तिथे दोन युजर बनवून ठेवले होते. बदलला, इम्पोर्ट पहिल्या झटक्यात झालं. कुलूप लावलंय फोल्डरला, आणि ते दुसऱ्याच दिवशी कामाला आलं! सकाळी लाइट गेली, प्रॉडक्शन आधी चालू झालं, इम्पोर्टला एरर आली आणि आमच्या मुलीनं स्वतःहून येऊन सांगितलं की ताई कोपऱ्यातलं लाल आहे. मी माउंट केलं, झालं.

स्विच आणि राउटर आता ऑन-एअरच्याच यूपीएसवर आहेत. घड्याळं जुळवली. रॉटर चालू आहे, ट्यूनर घरचाच जुना आणला. त्यात पहिल्याच आठवड्यात कळलं की संध्याकाळच्या सभेत आमचा आवाज अधूनमधून खूप खाली जातो, स्टुडिओत कधी जाणवलं नव्हतं, आता ते शोधायचंय, त्यासाठी वेगळा धागा काढीन.

ऑफिसच्या मशीनचं विचारायचं होतं. तिथे फक्त लॉग बनवायचाय, आवाज ऐकायचा नाही. त्यालाही एनएफएस लागेल का? आणि तिथे लॉग बदलला तर ऑन-एअरवर चालू असलेला लॉग आपोआप बदलतो का?

खरखर_नको

वा, मस्त काम केलंत.

नुसता लॉग बनवायला आणि क्लॉक-ग्रिड भरायला डेटाबेस पुरतो, तिथे माउंट नका करू, जेवढी कमी मशीन त्या फोल्डरमध्ये लिहू शकतील तेवढं बरं. पुढे तिथून कधी कार्ट ऐकायचं झालं तर आरडी.कॉन्फच्या ऑडिओ स्टोअर भागात ऑन-एअरकडून आवाज मागवायची सोय आहे, तेव्हा बघू. फक्त त्या मशीनच्या युजरला इम्पोर्टचा हक्क देऊ नका.

लॉगचं म्हणाल तर आरडीएअरप्लेमध्ये उघडलेला लॉग साधारणपणे स्वतःहून बदलत नाही, रिफ्रेश करावा लागतो. आरडीलॉगएडिटमध्ये त्या लॉगला ऑटो रिफ्रेश चालू करता येतं, मग आपोआप येतो. पण तुमच्या निवेदिका हातानं आयटम मागेपुढे करतात म्हणालात, तर मी ते बंदच ठेवीन. ऑफिसातून कोणी सेव्ह केलं आणि इकडे बोलता बोलता पुढची ओळ बदलली तर त्या गोंधळतील. ऑफिसवाल्यानं फोन करून सांगावं की लॉग बदललाय, आणि निवेदिकेनं गाणं चालू असताना रिफ्रेश दाबावं.

बांधावरची_लहर

बंदच ठेवते मग. फोनची पद्धत आजच सगळ्यांना सांगते.

आणि एक, ज्या बाईंची जुनी मुलाखत चुकून गेली होती, त्यांची नवी काल संध्याकाळी लागली. प्रॉडक्शनवर पावणेपाचला एडिट संपलं, सव्वापाचला हवेत. मी त्यांना आधी फोन करून कळवलं होतं.